निर्धूम अग्नि

काव्य, नाटक, चित्र, गायन यांवर टीका लिहिण्याचा आमच्या मासिकांचा परिपाठ आहे. भोजनावर टीका लिहिण्याचा नाहीं. भोजन ही गृहिणीच्या सुगरणपणाची किंवा आचाऱ्याच्या कसबाची गोष्ट. तिचें परीक्षण पंक्तींत बसल्या बसल्या व्हावें आणि आंचवल्याबरोबर संपावें, अशी आमची समजूत आहे. परंतु ज्या एका शब्दावर आमचें सारें साहित्यशास्त्र उभें आहे, तो 'रस' हा शब्दच मुळीं जिभेवरून आलेला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस म्हणजे काय हें समजावून सांगतांना भरतमुनींना जो दृष्टान्त सुचला, तो नाना व्यंजनांनीं संस्कार केलेलें अन्न प्रसन्न मनानें जेवणाऱ्या माणसाचा. जेवणाऱ्याचा दृष्टान्त घेऊन ज्या परंपरेनें नाटकाची चिकित्सा केली, तिनें एकदां नाट्यटीकेचीं मापें घेऊन भोजनाची चिकित्सा केली, तर तो मोठासा अतिक्रम होणार नाहीं.

आज ज्या भोजनाविषयीं लिहावयाचें आहे, तें टोकियो शहरांतील एका उंची उपाहारगृहांतलें 'याकिनिकु' भोजन होय. 'याकि' म्हणजे भाजणें आणि 'निकु' म्हणजे मांस. आणि येथें मांस म्हणजे मुख्यत्वें गोमांस. हा शब्द वाचतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणून आहोंत. आमच्या महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईची, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें वळू व बैल यांचीहि, कत्तल बंद झालेली आहे. आणि कायद्याच्या फार पूर्वीपासून समाजाच्या मोठ्या भागाच्या मनांत हा निषेध वसत आलेला आहे. त्या भावनेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तिची वकिली करण्याचाहि नाहीं. मात्र जें चाखलें नाहीं त्यावर टीकाकारानें लिहूं नये, इतका प्रामाणिकपणा त्यानें पाळलाच पाहिजे. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, एका जपानवासी मित्राच्या निमंत्रणावरून आम्हीं तें भोजन केलें. ज्यांना येथेंच पान उलटावेंसें वाटेल त्यांच्यावर आमचा राग नाहीं. जे पुढें वाचतील त्यांना असें आढळून येईल कीं, आमचा प्रश्न गाईपेक्षां माणसांविषयींचा अधिक आहे.

उपाहारगृह एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतें. लहानशी खोली, एकच मेज, भोंवतालीं चार आसनें, मेजाच्या मधोमध एक वाटोळा खळगा, त्यांत निखारे आणि वर तारेची जाळी. निखारे 'बिंचोतान' नांवाच्या कोळशाचे होते. पूर्वीचा कीशू म्हणजे आजचा वाकायामा प्रांत. तेथें उबामे नांवाच्या ओक जातीच्या वृक्षापासून हा कोळसा करतात. तो इतका कठीण असतो कीं, दोन तुकडे एकमेकांवर आपटले असतां धातूसारखा नाद निघतो. तो भडकत नाहीं; स्थिरपणें धगधगत राहतो. जाळीच्या कडेनें एक बारीक फट होती आणि मांसांतून निघणारा धूर वर चढण्यापूर्वींच त्या फटींतून खालीं ओढला जात होता. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हा आमच्या नैयायिकांचा पहिला धडा. उलट, जेथें अग्नि तेथें धूर असलाच पाहिजे असा नियम मात्र नाहीं; त्यासाठीं ते तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देतात. तो गोळा जणूं आमच्या मेजाच्या मध्यभागीं बसविलेला होता. त्या वेळीं या निर्धूमतेचें आम्हांला केवळ कौतुक वाटलें. तिचा अर्थ मागाहून ध्यानांत आला.

भोजनाची रचना एखाद्या बांधेसूद नाटकासारखी होती. प्रथम आली ती जीभ. पातळ चकत्या, केवळ मीठ लावलेल्या, भाजून होतांच वर लिंबाचे दोन थेंब. जिभेचा आरंभ जिभेनेंच व्हावा, यांत योजकाची कांहीं विनोदबुद्धि असेल तर ती आम्हांला आवडली. त्यानंतर पाठीच्या भागाचें कमी चरबीचें मांस. त्यानंतर बरगड्यांजवळचें 'करुबी', सोया, साखर, लसूण व तीळ यांच्या रसांत मुरविलेलें. आणि मग पोट व छाती यांमधील पडद्याचा भाग, ज्याला तेथें 'हरामी' असें म्हणतात. वाढणारणीनें अत्यंत नम्रपणें मान लववून हें नांव उच्चारलें तेव्हां आमच्या मराठी कानांची जी अवस्था झाली, ती लपवितांना आम्हांला बरेच श्रम पडले. शेवटीं थंडगार रश्श्यांत घातलेल्या चिवट शेवया आल्या. खारटानंतर गोड, गोडानंतर तिखट, उष्णानंतर शीत, असा हा क्रम विचारपूर्वक बांधलेला होता. आणि मीठ लावलेले पदार्थ आधीं व रसांत मुरविलेले नंतर, म्हणजे जाळी लवकर करपत नाहीं व पहिल्या चवी दडपल्या जात नाहींत, हें त्यांतलें व्यवहारज्ञानहि वाखाणण्यासारखें होतें.

मांसाच्या गुणाविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. जपानी गुरांच्या ज्या चार जाति 'वाग्यु' या नांवास पात्र समजल्या जातात, त्यांपैकीं काळ्या केसांच्या जातीचें हें मांस होतें. तांबड्या मांसांत पांढऱ्या चरबीचें जाळें इतकें सूक्ष्म विणलेलें कीं, चकती हातीं धरली तर संगमरवराचा भास व्हावा. या चरबींत ओलेइक आम्लाचें प्रमाण अधिक असतें, म्हणून ती थोड्याशा ऊबेनेंच वितळते. दांतांना काम उरत नाहीं. त्या रात्रीच्या पहिल्या तीन-चार घांसांसारखे घांस आम्हीं क्वचितच घेतले असतील, हें कबूल करण्यांत आम्हांला कमीपणा वाटत नाहीं.

या सर्वांहून आमचें लक्ष वेधलें तें पहिल्या तबकाबरोबर आलेल्या एका चिठ्ठीनें. तिच्यावर त्या जनावराचा दहा आंकडी क्रमांक छापलेला होता. जपानांत २००१ सालीं गुरांच्या मेंदूच्या रोगाचा पहिला उपद्रव झाला आणि लोकांचा मांसावरचा विश्वास उडाला. तेव्हां २००३ मध्यें कायदा होऊन प्रत्येक जनावराच्या कानांत क्रमांकाचा बिल्ला अडकविणें सक्तीचें झालें. याकिनिकु विकणाऱ्या उपाहारगृहालाहि तो क्रमांक गिऱ्हाइकास दाखवावा लागतो. त्या क्रमांकावरून जनावर केव्हां जन्मलें, कोणत्या प्रांतांत वाढलें, केव्हां व कोठें कापलें गेलें, हें कोणासहि पाहतां येतें. चिठ्ठीवर प्रतहि लिहिलेली होती. सहाव्या व सातव्या बरगडीच्या मध्यें छेद घेऊन परीक्षक मांस पाहतात. उताऱ्यासाठीं तीन अक्षरांपैकीं एक अक्षर आणि गुणासाठीं एक ते पांच यांपैकीं एक आंकडा देतात. चरबीच्या जाळ्याला तर स्वतंत्र बारा पायऱ्या आहेत. आमच्या मित्रानें आणखी एक गोष्ट सांगितली. १९३९ सालीं ह्योगो प्रांतांतील ओजिरो या डोंगराळ गांवीं 'ताजिरि' नांवाचा एक वळू जन्मला. आणि २०१२ मध्यें नोंदणीसंस्थेनें वंशावळी तपासल्या तेव्हां, देशांतील काळ्या जातीच्या गाईंपैकीं हजारांत नऊशें नव्याण्णव गाई त्याच्या वंशांतल्या निघाल्या.

हें ऐकून आम्ही थक्क झालों. आमच्याकडे राजेरजवाड्यांच्या वंशावळी इतक्या निर्दोष नसतील. परंतु त्याच क्षणीं मनांत एक प्रश्न उभा राहिला आणि तो त्या रात्रीं काय, अद्यापहि आम्हांला सोडीत नाहीं. ज्या मेजावर पशूची पिढ्यान्पिढ्यांची कुळकथा मांडलेली आहे, त्या मेजावर हें भोजन निर्माण करणाऱ्या माणसांच्या कुळकथेचा एक शब्द तरी कोठें आहे? तो आम्हीं चिठ्ठीवर शोधला, पदार्थांच्या यादींत शोधला, भिंतीवरील चित्रांत शोधला. तो नव्हता. म्हणून ती कथा येथें थोडक्यांत सांगणें आम्ही टीकाकाराचें कर्तव्य समजतों.

जपान्यांचा मांसाहार फार जुना असेल अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः इ. स. ६७५ मध्यें सम्राट तेम्मु यानें गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचें मांस वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत खाऊं नये अशी आज्ञा काढली. पुढें बौद्ध धर्माच्या वजनानें आणि शेतीला लागणाऱ्या जनावरांच्या गरजेनें हा निर्बंध समाजांत मुरला आणि हजार-बाराशें वर्षें टिकला. टिकला म्हणजे तंतोतंत पाळला गेला असें नव्हे. निषेध आणि पळवाट हीं जुळीं भावंडें आहेत, हें कोणत्याहि देशास लागू आहे. मांस खावयाचें तर त्यास 'औषधभक्षण' म्हणावें. रानडुकराला 'डोंगरांतला देवमासा' म्हणावें, घोड्याच्या मांसाला 'चेरीचें फूल' म्हणावें, हरणाच्या मांसाला 'मेपलचें पान' म्हणावें. हिकोने संस्थानाहून मिसोंत मुरविलेलें गोमांस औषध म्हणून शोगुनाकडे नजराणा जात असे.

मेइजि राज्यक्रांतीनंतर हें चित्र एकाएकीं पालटलें. १८७० सालीं फुकुझावा युकिचि या प्रसिद्ध विचारवंतानें मांसाहाराच्या समर्थनार्थ निबंध लिहिला; १८७२ च्या आरंभीं खुद्द सम्राटानें गोमांस खाल्ल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं, देशाची पवित्रता बुडाली म्हणून क्षुब्ध झालेले कांहीं तपस्वी यात्रेकरू राजवाड्यांत शिरले आणि त्यांतले कित्येक प्राणांस मुकले. कानागाकि रोबुन या विनोदी लेखकाचें 'आगुरानाबे' हें पुस्तक याच सुमाराचें, १८७१-७२ सालचें. गोमांसाच्या दुकानांत मांडी ठोकून बसलेलीं नाना प्रकारचीं माणसें त्यांत बोलत असतात. आणि गोमांस खाणें म्हणजेच सुधारणा, अशी त्यांतल्या कित्येकांची समजूत रोबुननें मोठ्या मिस्किलपणें रंगविली आहे. हें वाचतांना आम्हांला आमच्या पुण्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. तिकडे सम्राटाच्या ताटांत गोमांस आलें, त्यानंतर अठरा वर्षांनीं, १८९० सालीं, इकडे पंचहौद मिशनांत चहा-बिस्किटें घेतल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें! सुधारणेचें आणि धर्माचें भांडण सर्वत्र प्रथम ताटावर सुरू होतें.

परंतु सम्राटापुढें तबक आलें, तें तबकापर्यंत कोणी आणलें? जपानांत मेलेलीं गुरें ओढणें, कातडीं काढणें व कमावणें, हीं कामें ज्या जातीकडे होतीं तिला 'एता' म्हणत. अर्थ, अति मलिन. त्यांची वस्ती निराळी, बेटीव्यवहार निराळा, स्पर्शहि वर्ज्य. ही कहाणी मराठी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. गांवकुसाबाहेरची वस्ती आणि मेलेलें ढोर ओढण्याचें काम हीं आम्ही आमच्याच डोळ्यांनीं पाहिलेलीं आहेत. १८७१ च्या फर्मानानें तें नांव रद्द झालें. तिरस्कार रद्द झाला नाहीं. म्हणूनच १९२२ सालीं क्योतो येथें त्या लोकांना आपली 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संघटना उभारावी लागली. त्यांच्या वंशजांना आज 'बुराकु' लोक म्हणतात, म्हणजे शब्दशः केवळ 'वस्तींतले'. गोमांस खाणारा सुधारलेला ठरला. गोमांस कापणारा मात्र मलिनच राहिला. टोकियोच्या शिबाउरा येथील कत्तलखान्यांतील कामगारांना द्वेषानें भरलेलीं पत्रें येत आलीं, आणि अशीं पत्रें तेथील माहितीकेंद्रांत लोकांस पाहण्यासाठीं मांडून ठेवलेलीं आहेत. २०१३ सालीं ओसाका प्रांतांतील कैझुका येथल्या एका खाटीक कुटुंबावर माहितीपट निघाला. घरीं गुरें वाढविणारें, स्वतः कापणारें आणि स्वतःच विकणारें हें कुटुंब. त्यांच्या हातांतली सफाई आणि जनावराविषयींचा त्यांचा आदर पाहिला म्हणजे मलिन कोण, हा प्रश्न प्रेक्षकावरच उलटतो.

दुसरी कथा आहे कोरियन लोकांची. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अंमलाखालीं होता. पोटासाठीं आलेले व सक्तीनें आणलेले लक्षावधि कोरियन जपानांत राहत होते. युद्ध संपलें तेव्हां त्यांतले पुष्कळ परतले, पण लाखों मागें राहिले. आणि त्यांना ना नीट नोकरी मिळे, ना नागरिकत्व. खाटीकखान्यांत जें टाकाऊ समजलें जाई, तीं आंतडीं, ती वजडी, तें काळीज, हे भाग स्वस्तांत आणून, लसूण-तिखटांत मुरवून, शेगडीवर भाजून विकणें हा त्यांच्यांतल्या अनेकांचा धंदा झाला. या भागांना जपानींत 'होरुमोन' म्हणतात. ओसाकाकडच्या बोलींतील 'टाकून द्यावयाची वस्तु' या अर्थाच्या शब्दावरून तें नांव पडलें, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ति आहे. ती शास्त्राला धरून असो वा नसो, लोकांना ती पटावी यांतच पुष्कळ इतिहास आहे. आज याकिनिकु म्हणून जी पद्धति ओळखली जाते, मेजावरची जाळी आणि गिऱ्हाइकाच्या हातांतला चिमटा, ती या शेगड्यांभोंवतीं घडली. आम्हीं खाल्लेलें 'करुबी' हें बरगडीला असलेलें कोरियन नांव. भोजनाच्या अखेरीच्या थंड शेवयाहि कोरियाच्याच. मोरिओका शहरांत त्या १९५४ सालीं एका कोरियन स्थलांतरितानें प्रथम विकावयास काढल्या.

या शेगड्यांचें एक उत्तम नाटक आहे. चोंग विशिंग या जपानवासी कोरियन नाटककाराचें 'याकिनिकु ड्रॅगन' हें नाटक २००८ सालीं टोकियो व सोल या दोन्ही राजधान्यांच्या नाट्यसंस्थांनीं मिळून रंगभूमीवर आणलें आणि २०१८ मध्यें त्याचा चित्रपटहि निघाला. काळ ओसाकाच्या १९७० च्या जागतिक प्रदर्शनाच्या आगचा-मागचा. स्थळ विमानतळाजवळची एक कोरियन वस्ती. नायक युद्धांत हात गमावलेला, आंतडीं भाजून विकणारा एक बाप. ज्या जमिनीवर त्याचें दुकान आहे ती सरकारी असल्याचें सांगून वस्ती उठविली जाते आणि कुटुंब तीन दिशांना पांगतें. प्रदर्शनाचा झगमगाट आणि या दुकानांतला धूर एकाच आकाशाखालीं आहेत, हें नाटककार एकहि उपदेशाचें वाक्य न घालतां दाखवितो.

धूर! तो कोठें गेला, याचें उत्तर आतां देतां येईल. १९८० च्या सुमारास नागोया येथील एका कारखान्यानें धूर खालीं ओढून घेणारी शेगडी बाजारांत आणली. त्यामुळें कपड्यांना वास लागेनासा झाला. चांगल्या घरच्या स्त्रिया, कचेरींतले साहेब लोक, गालिचे घातलेल्या खोल्या, हे सारें त्या दुकानांत शक्य झालें. १९९१ सालीं परदेशी गोमांसाच्या आयातीवरील मर्यादा उठली, तेव्हां स्वस्त मांस सर्वत्र झालें. आणि स्वस्त सर्वत्र झालें म्हणूनच देशी 'वाग्यु'ला उंची होऊन बसणें भाग पडलें. येणेंप्रमाणें गल्लींतली शेगडी वरच्या मजल्यावर चढली. चढतांना तिनें धूर खालीं सोडला, आणि धुराबरोबर तो सोसलेलीं माणसेंहि खालीं राहिलीं.

आतां आम्ही आमचे आक्षेप क्रमानें मांडतों. पहिला आक्षेप शुद्ध पाकशास्त्रीय आहे. चरबीच्या जाळ्याला बारा पायऱ्या लावल्या म्हणजे बाराव्या पायरीची हांव सुटणारच. परंतु चौथ्या घांसाला जें अलौकिक वाटलें, तें आठव्या घांसाला ओशट वाटूं लागलें. परिपोष पावलेल्या रसाचें पुनःपुन्हां उद्दीपन करणें हा आनंदवर्धनानें दोष मानला आहे; फूल वारंवार हाताळलें कीं कोमेजतेंच. त्या रात्रींचा आमच्या मतें सर्वोत्तम पदार्थ 'हरामी' हाच होता. कारण त्यांत चावावयास कांहीं होतें, आणि चावतांना मांसाची स्वतःची चव लागत होती. हा भाग जपानांत आंतड्यांच्या वर्गांत मोडतो, म्हणजे एके काळच्या टाकाऊ वस्तूंत, हें योजकानें ध्यानांत घ्यावें.

दुसरा आक्षेप असा कीं, आमच्या हातीं चिमटा आला नाहीं. प्रत्येक तुकडा वाढणारणीनेंच जाळीवर ठेवला, तिनेंच उलटला, तिनेंच आमच्या वाटींत घातला. तिचें कौशल्य निःसंशय मोठें. जिभेची चकती किती क्षण ठेवावी हें ती मनांत मोजीत होती. परंतु याकिनिकु या प्रकाराचा प्राणच मुळीं असा कीं, जेवणारा हाच स्वयंपाकी असतो. एकाच निखाऱ्याभोंवतीं चार माणसें बसतात. कोणाचा तुकडा करपतो, कोणी दुसऱ्याच्या बाजूचा उचलतो, कोणी थोरल्याच्या वाटींत पहिला घांस घालतो. मान, थट्टा, आर्जव, सगळें त्या जाळीवर चालतें. हें सारें गेलें, आणि आम्ही चौघे हातांची घडी घालून एका शांत प्रयोगाचे प्रेक्षक झालों. उंचीपणाच्या नांवाखालीं जेवणाऱ्याचे हात बांधणें हें आम्हांला उत्कर्षाचें लक्षण वाटत नाहीं.

तिसरा आक्षेप त्या चिठ्ठीविषयींचा. यावर कोणी म्हणेल, 'महाराज, माणसें तेथें जेवावयास जातात, इतिहासाचा तास भरवावयास नव्हे. आणि कलाकृतीनें सर्वच कशाला बोलून दाखवावें? न बोललेलें सूचित करणें हाच तर तुमच्या साहित्यशास्त्राचा ध्वनि!' पहिल्या भागाला आमचें उत्तर सोपें आहे. ज्या उपाहारगृहानें केवळ मांस पुढें ठेवलें असतें, त्याला आम्हीं कांहीं विचारलें नसतें. वंश, जन्मस्थान, तारखा, प्रत, हें सांगावयास ज्यानें स्वतः होऊन आरंभ केला, त्यानें कथा अर्ध्यावर सोडली तर विचारण्याचा हक्क पोंचतो. चिठ्ठींतला दहा आंकडी क्रमांक कायद्यानें आला हें खरें. बाकीचा तपशील मात्र अभिमानानें आलेला आहे. दुसऱ्या भागाचें उत्तर असें कीं, ध्वनीला सूचित करणारा शब्द लागतो आणि तो ऐकणारा सहृदय लागतो. 'करुबी' हा शब्द अजून यादींत आहे. तोच काय तो सूचक उरला आहे. परंतु तो शब्द मागविणाऱ्यांपैकीं कितीजणांना त्याचा गांव ठाऊक असेल? शब्द राहिला आणि त्याचा अर्थ लोपला, तर त्यास ध्वनि म्हणत नाहींत, विस्मरण म्हणतात.

येथपर्यंत परक्यांचे दोष काढून झाले. आतां आरसा आमच्याकडे फिरविला पाहिजे. आमच्याकडे हाच प्रश्न उलट्या वाटेनें गेला. डॉ. आंबेडकर यांनीं १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथांत असा सिद्धान्त मांडला कीं, अस्पृश्यतेचें मूळ गोमांसभक्षणाच्या निषेधांत शोधलें पाहिजे. बाकीच्यांनीं तें सोडलें, गांवाबाहेर राहणाऱ्या दरिद्री लोकांना सोडतां आलें नाहीं, आणि त्यामुळें ते अस्पृश्य ठरले. तो सिद्धान्त सर्वांस मान्य होवो वा न होवो, ताट आणि जात यांचा सांधा त्यांनीं दाखविला तसा आमच्यांत क्वचितच कोणी दाखविला असेल. त्यापूर्वीं १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत त्यांनीं आपल्या लोकांना मेलेल्या ढोराचें मांस सोडावयास सांगितलें, तें स्वाभिमानासाठीं. म्हणजे जपानांत तुच्छ लेखलेलें अन्न राजमान्य झालें आणि तें घडविणारीं माणसें विस्मृतींत गेलीं. आमच्याकडे माणसांनीं मान मिळविण्यासाठीं तें अन्नच टाकलें, आणि मागें त्याची आठवण तेवढी उरली.

ती आठवणहि बुडाली असती. आमच्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत पुरणपोळीचे प्रकार मोजून थकावें इतके आहेत. परंतु मराठवाड्यांतील महार-मांगांच्या घरीं मांसाच्या लांब पट्ट्या उन्हांत वाळवून ज्या 'चान्या' करीत, त्यांचें नांवहि त्यांत सांपडत नाहीं. शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक लिहून ती उणीव भरून काढली. जनावराच्या प्रत्येक भागाला त्या घरांत निराळें नांव होतें, निराळी कृति होती, आणि वांटणीचा निराळा मान होता, हें त्या पुस्तकावरून कळतें. आमच्या भाषेंत इतके शब्द नांदत असतां आम्हांला त्यांची गंधवार्ता नव्हती, याची आम्हांला लाज वाटली. टोकियोच्या उपाहारगृहाला नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांला असलाच, तर तो या लाजेच्या मर्यादेंतच आहे.

सारांश, या भोजनास आम्ही कलाकृति म्हणून उंच स्थान देतों. थोर स्थान देऊं शकत नाहीं. ज्यांना शक्य असेल त्यांनीं तें अवश्य घ्यावें, परंतु त्याआधीं एकदां ओसाकाच्या त्सुरुहाशी स्टेशनावर उतरावें. आगगाडींतून पाय खालीं ठेवतांच भाजलेल्या मांसाचा आणि लसणाचा वास नाकांत शिरतो. तेथें लहान लहान दुकानें खेटून उभीं आहेत, मेजें तेलकट आहेत, आणि चिमटा तुमच्या हातीं दिला जातो. जपान सरकारच्या पर्यावरणखात्यानें २००१ सालीं जतन करण्याजोग्या शंभर सुगंधस्थळांची यादी केली. तींत या स्टेशनाभोंवतालच्या परिसराचा समावेश आहे. ज्या वासासाठीं एके काळीं या लोकांना घरें भाड्यानें मिळूं नयेत, तो वास सरकारनें जपून ठेवण्यासारखा मानला, ही गोष्ट लहान नाहीं.

उंची उपाहारगृहाच्या चालकांना आमची एकच सूचना आहे. त्या चिठ्ठीवर अजून पुष्कळ जागा कोरी आहे. वळूच्या नांवाखालीं दोन ओळी वाढवाव्या: मांस कोणाच्या हातांनीं कापलें, आणि ही रीति कोणत्या लोकांनीं या देशाला दिली. त्यानें चवींत उणें येणार नाहीं.

त्या रात्रीं निवासस्थानीं परतल्यावर आम्हीं अंगरखा काढून खुंटीवर टांगला आणि सहज नाकाशीं धरून पाहिला. त्याला कसलाच वास येत नव्हता.